राऊत सरांची पाटी

राऊत सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते गुडघ्यांवर बसून एका कपाटाला पाणी घालत होते.

जुनं, हिरव्या रंगाचं जाळीचं कपाट होतं ते. पूर्वी स्वयंपाकघरात दूध-तूप ठेवायला असायचं तसं. त्याचे चार पाय चार भांड्यांत उभे होते आणि सर तांब्याने एकेका भांड्यात पाणी सोडत होते. तीन भांडी अॅल्युमिनियमची होती. चौथा होता आइसक्रीमचा प्लॅस्टिकचा डबा. त्याची उंची कमी असल्यामुळे कपाट पडवीच्या कोपऱ्यात जरा तिरकं उभं होतं. आत दूध नव्हतं, तूपही नव्हतं. वरच्या फळीवर एक लहानसा काळा कॉम्प्युटर होता आणि त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"मुंग्या," सर मागे न बघताच म्हणाले. "हल्ली साखर सोडून वायरींच्या मागे लागल्यात. तू कोण?"

मी कॉलेजचं नाव सांगितलं. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे, विषय आहे क्रिप्टोकरन्सीतले पेमेंट चॅनेल, त्यातला निधी कसा सांभाळतात ते लिहायचं आहे, आणि मला त्यातलं काही कळत नाही, असं सगळं एका दमात सांगून टाकलं. शेवटचं वाक्य सांगायचं नव्हतं, पण गेलं तोंडातून.

सरांनी तांब्या खाली ठेवला. "काही कळत नाही म्हणालीस? मग बस. ज्यांना अर्धं कळलेलं असतं त्यांना शिकवायला फार त्रास होतो."

मी विरारची. बाबा रंगकाम करतात, आई घरी कपडे शिवते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे अडलं तर विचारायचं कोणाला हा प्रश्न मला नेहमीच असायचा. विषय मॅडमनी दिला होता. बहुतेक हुशार मुलांनी आपापले विषय उचलून झाल्यावर हा उरला असावा. राऊत सरांचं नावही मॅडमनीच सांगितलं. ते त्यांना पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. निवृत्त होऊन नंदाखालजवळच्या आपल्या वाडीत राहतात, केळी आणि नारळ बघतात, "आणि ते तुझं जे काय आहे, तेही करतात," असं मॅडम म्हणाल्या होत्या.

सरांनी आत जाऊन एक पाटी आणली. लहान मुलांची दगडी पाटी, लाकडी चौकटीची, वरच्या बाजूला तारेत रंगीत मणी ओवलेली. मला वाटलं, नातवाची असेल. ती सरांचीच होती. पुढे कित्येक महिने माझं सगळं शिक्षण त्या पाटीवर झालं.

"हे धर," पाटीचं एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं. दुसरं टोक स्वतःच्या हातात ठेवलं. "आता हा चॅनेल झाला. तू आणि मी, दोघंच. मणी मोजून घातलेत, त्यात आता वाढ नाही, घट नाही. माझ्याकडचा मणी तुझ्याकडे सरकला तर मी तुला पैसे दिले. तुझ्याकडचा इकडे आला तर तू मला दिलेस. मणी तारेवर घालताना एकदा साऱ्या गावाला सांगायचं. तार सोडताना पुन्हा एकदा सांगायचं. मधल्या काळात आपण हजार वेळा मणी सरकवले तरी गावाला त्रास नाही. गावाची नोंदवही म्हणजे ती ब्लॉकचेन. तिथे प्रत्येक नोंदीला फी पडते आणि थांबावं लागतं. इथे फी नाही, थांबणं नाही."

मग त्यांनी खडूने पाटीवर दोन आकडे लिहिले, एक माझ्या बाजूला, एक त्यांच्या. एक मणी सरकवला, ओल्या फडक्याने आकडे पुसले आणि नवे लिहिले. "मणी सरकला की जुनी पाटी मेली. शेवटची तेवढी खरी. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं ऐक. उद्या भांडण झालं आणि तू गावासमोर मुद्दाम जुनी पाटी नेलीस, ज्यात तुझ्याकडे जास्त मणी होते, तर?"

"तर... तुम्ही नवी दाखवाल?"

"नवी दाखवून थांबणार नाही. नियमच असा आहे की जुनी पाटी दाखवणाऱ्याचे सगळे मणी दुसऱ्याचे. सगळे! म्हणून कोणी खोटं बोलत नाही. चांगुलपणाने नव्हे हां, भीतीने."

आतून सरांच्या पत्नी, सुमनकाकी, बाहेर आल्या. त्यांनी माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला आणि सरांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्यांच्या त्या कॉम्प्युटरच्या डब्यात माझा ओटा अडकलाय, तेवढं तुझ्या प्रोजेक्टात लिही."

ओट्याची गोष्ट मला हळूहळू कळली.

सरांच्या वाडीला लागून दुसरी वाडी आहे. ती विल्सन अंकलची. दोघं एका बाकावर शिकले, एकाच बावखलात पोहायला शिकले. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. या दोन वाड्यांना मिळून एकच आहे. विल्सन अंकल पुढे जहाजावर रेडिओ ऑफिसर झाले आणि आता मुलाकडे पुण्याला राहतात. त्यांच्या वाडीची देखरेख सर करतात. नारळ-केळी विकून अंकलचा वाटा सर पाठवतात. मजुरी, खत आणि सरांचा मोबदला अंकल पाठवतात. आणि हे सगळं त्या दोघांमधल्या चॅनेलमधून चालायचं. सरांचा डबा जाळीच्या कपाटात, अंकलचा पुण्याला मुलाच्या पुस्तकांच्या शेल्फावर.

"अहो, पण लोक मोबाइलवरून पाठवतात की पैसे," काकी म्हणायच्या. "भाजीवाली पण घेते."

"त्यात दरवेळी बँक मध्ये येते. यात मी आणि विल्सन, मध्ये कोनी नाय."

सरांच्या बोलण्याची ही एक गंमत होती. शिकवायला लागले की त्यांचं मराठी पुस्तकातल्यासारखं. रागावले, खूष झाले किंवा विल्सन अंकलचा विषय निघाला की लगेच 'पानी', 'कोन', 'नाय'. मी काही दिवसांनी त्यावरून हवामान ओळखायला शिकले.

मध्ये कोणी नसलं तरी सरकार होतंच. दरवर्षी सर सगळे कागद घेऊन सीएकडे जायचे. तो सीए सरांचाच विद्यार्थी. त्याने एकदा हात जोडून विचारलं म्हणे, "सर, तुम्ही साधी एफडी का नाही करत?" सरांनी उत्तर दिलं, "एफडीत शिकायला काय आहे?" कर मात्र ते न कुरकुरता भरायचे. आणि मला पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "शिक. पण यात पैसे घालू नकोस. घातलेस तर बुडाले तरी जेवण गोड लागेल एवढेच घाल. मी पंप विकून यात पडलेलो नाही."

सरांना विल्सन अंकलकडून मोबदला घ्यायचा नव्हता. अंकल ऐकायला तयार नव्हते. शेवटी तोड निघाली की ते पैसे चॅनेलमध्ये सरांच्या बाजूला साचू द्यायचे, हातात घ्यायचे नाहीत. काकींनी हे ऐकलं आणि त्याच दिवशी जाहीर केलं की त्या साचलेल्या पैशांतून स्वयंपाकघराचा ओटा होणार. जुना ओटा कडाप्प्याचा होता, मधोमध तडा गेलेला, आणि त्या तड्यात पीठ अडकून तिथेही मुंग्या यायच्या. काकी म्हणायच्या, "कॉम्प्युटरच्या मुंग्यांना पानी, माझ्या मुंग्यांना काय?"

ओटा होत आला की काहीतरी व्हायचं. एकदा तर फारच मजा झाली. सरांच्या बाजूला इतके मणी साचले की अंकलच्या बाजूला काही उरलंच नाही. तेवढ्यात कुंपण घालायचं निघालं. अंकलना मजुरीचे पैसे पाठवायचे होते, पण त्यांच्याकडे सरकवायला मणीच नव्हते.

मी तेव्हा तिथेच होते. सरांनी लगेच पाटी आणून मला दाखवलं. सगळे मणी त्यांच्या टोकाला. "बघ, मी श्रीमंत झालो आणि अडकलो. सगळं माझ्याकडे आलं की आणखी काही येऊ शकत नाही. चॅनेल सांभाळायचा म्हणजे हेच. दोन्हीकडे थोडं थोडं राहिलं पाहिजे. घ्यायला जागा हवी असेल तर आधी द्यावं लागतं."

"मग काय करणार?"

"विल्सनकडून काहीतरी विकत घेणार."

त्यांनी फोन लावला. सर फोन नेहमी स्पीकरवर ठेवायचे. कानाला धरला की कान गरम होतो म्हणायचे.

"विल्सन, तुझ्याकडे विकायला काय आहे?"

"काय रे मनू, भंगारात पडलास काय?"

"जागा करायची आहे. तुझा तो जहाजावरचा रेडिओ दे."

"तो चालत नाय."

"मला कुठे ऐकायचाय?"

आणि सरांनी खरोखर तो बंद रेडिओ विकत घेतला. कुरियरने आला तो. मणी अंकलकडे सरकले, अंकलनी मजुरी पाठवली, कुंपण झालं. रेडिओ आजही पडवीत आहे, त्यावर काकी वाटाणे वाळत घालतात. त्या दिवशी मात्र त्या दोन तास सरांशी बोलल्या नाहीत. मग मला आत बोलावून म्हणाल्या, "माझ्या ओट्याचा रेडिओ केला बघ ह्यांनी." आणि मग स्वतःच हसत सुटल्या.

काकींकडे एक निळा काचेचा वाडगा होता. फळीवर सगळ्यात वर, एकटा. सरांना तो कपाटाच्या चौथ्या पायाखाली हवा होता, कारण उंची बरोबर बसत होती. काकींनी हात लावू दिला नाही. मी कारण विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, तो विल्सनच्या आईचा वाडगा. दोन्ही घरांत तो किती वर्षं फिरत होता याचा हिशोब नाही. नाताळात तिकडून केक आणि गोड यायचं, दिवाळीत इकडून फराळ जायचा. मधल्या दिवसांत कधी सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, कधी माशाचं कालवण. नियम एकच, वाडगा रिकामा परत द्यायचा नाही. विल्सनची आई गेली तेव्हा वाडगा इकडे होता. ते घर बंद झालं. आता द्यायचा कोणाला?

"म्हणून आइसक्रीमचा डबा," सर म्हणाले. "आणि म्हणून माझं कपाट तिरकं."

मग भांडण झालं.

विल्सन अंकलच्या मुलाने वाडीला गिऱ्हाईक आणलं होतं. कोणी बिल्डर होता. अंकलनी फोनवर सरांना नुसतं विचारलं, "काय म्हणतोस मनू?" सर जे म्हणाले ते काकींनी मला अर्धंच सांगितलं. "बावखल पन अर्धं कापून विकनार का?" इथपर्यंत सांगितलं, पुढचं गाळलं. अंकलनी फोन ठेवला. त्यानंतर दोघं बोलले नाहीत.

डबे मात्र बोलत होते. नारळ उतरले की सर अंकलचा वाटा सरकवायचे, मजुरी निघाली की अंकल सरकवायचे. प्रत्येक वेळी सोबत दोन शब्दांची चिठ्ठी लिहिता येते. सरांनी मला जुन्या चिठ्ठ्या दाखवल्या होत्या. "नारळ. गुडघा कसा आहे?" "मजुरी. केळीला पाणी कमी दे, कुजतील." "नारळ. इथे सगळे बरे, सुमन ओट्यावरून बोलते." भांडणानंतर सरांकडून जायचं, "नारळ." तिकडून यायचं, "मजुरी." एवढंच. सर रोज संध्याकाळी कपाटासमोर खुर्ची टाकून बसायचे आणि मी विचारलं तर म्हणायचे, "चॅनेल बघतो." मला वाटायचं ते चिठ्ठीची वाट बघतात. पण मी काही बोलले नाही. मला तेवढा अधिकार नव्हता.

एका दुपारी मी गेले तर कपाटातला हिरवा दिवा बंद होता. सकाळी वीज गेली होती आणि परत आली ती एकदम जोरात. शेजारच्या पंपाचीही मोटर जळाली होती. आगाशीहून मयूर आला होता. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तो डबा उघडून पडवीत बसला होता आणि मधून मधून काकींची सुकेळी खात होता.

"काका, डिस्क गेली. खतम. पण टेन्शन नको. बॅकअप आहे ना?"

सरांनी आतून पेनड्राइव्ह आणला. मागच्या महिन्यातली नक्कल होती त्यात.

"बस, मग काय! नवी डिस्क टाकतो, हे कॉपी करतो, चालू करतो. पाच मिनिटांत तुमचा डबा पहिल्यासारखा."

त्याने पेनड्राइव्ह घ्यायला हात पुढे केला. सर तो देणारच होते. मग त्यांचा हात हवेत थांबला.

"नको!" ते इतक्या जोरात ओरडले की मयूरच्या हातातलं सुकेळं पडलं. "नाय. हे लावायचं नाय."

"अरे काका, क्या हुआ? व्हायरस आहे का?"

"जुनी पाटी आहे ती!"

मयूरला काही कळलं नाही. मला कळलं. महिन्यापूर्वीची नक्कल म्हणजे महिन्यापूर्वीचे आकडे. त्यानंतर कितीतरी वेळा मणी सरकले होते. ती नक्कल चालू झाली असती तर डब्याला तीच खरी वाटली असती आणि पुढेमागे त्याने जुनी पाटी गावासमोर धरली असती. पुण्यातल्या डब्याला भांडण, ओळख, बालपण काही कळत नाही. त्याला दिसलं असतं की समोरचा चोरी करतोय, आणि त्याने नियमाप्रमाणे सरांचे सगळे मणी उचलले असते. मी मयूरला एवढंच सांगितलं की जगात सगळीकडे बॅकअप लावतात, पण इथे तो लावला की माणूस चोर ठरतो. तो म्हणाला, "काय खतरनाक धंदा आहे!" आणि नवी डिस्क बसवून, फक्त दुरुस्तीचे पैसे घेऊन निघून गेला.

काकी दारात उभ्या होत्या. "म्हणजे ओटा गेला?"

"नाय गेला," सर म्हणाले. मग खुर्चीत बसले. "पैशांची किल्ली, म्हणजे गुप्त शब्द, माझ्याकडे कागदावर आहे, पण शेवटची पाटी नाही. आता एकच मार्ग. विल्सनच्या डब्याला सांगायचं की मी विसरलो. मग तिकडून विल्सनने शेवटची पाटी गावासमोर धरायची आणि चॅनेल बंद करायचा. माझे मणी मला मिळतील."

"आणि त्याने जुनी धरली तर?" हे मी विचारलं. विचारल्यावर वाटलं, विचारायला नको होतं.

सर माझ्याकडे वळले. "बरोबर विचारलंस. त्याने सुरुवातीची धरली, जेव्हा सगळे मणी त्याचे होते, तर मी काही करू शकत नाही. माझ्याकडे दाखवायला नवी नाही. नियमाची भीती आता त्याला नाही. आता फक्त विल्सन आहे."

"मग फोन करा ना त्याला," काकी म्हणाल्या.

"डबा सांगेल."

"डबा सांगेल! तुम्ही सांगा. तोंड आहे ना तुम्हाला?"

सर उठले आणि वाडीत गेले. मी पडवीतून बघत होते. त्यांनी एका केळीचं सुकलेलं पान ओढून काढलं, मग दुसऱ्या केळीचं. बावखलाच्या कडेला जाऊन उभे राहिले. पलीकडे विल्सन अंकलच्या बाजूच्या माडांची सावली पाण्यात पडली होती. परत आले तेव्हा त्यांनी आधी पाटी घेतली, माझ्याकडे पाठ करून तिच्यावर एक आकडा लिहिला आणि पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवली.

"कोनी बघायचं नाय," ते म्हणाले, आणि फोन लावला. स्पीकरवर.

बराच वेळ रिंग वाजली.

"हां," पलीकडून आवाज आला.

"विल्सन, मी मनू."

"माहीत आहे. नाव दिसतं."

"माझी पाटी फुटली."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग, "डिस्क?"

"डिस्क. वीज आली जोरात."

"बॅकअप लावला नाहीस ना रे?" अंकलचा आवाज एकदम बदलला. "मनू, लावला नाहीस ना?"

"नाय लावला. लावनार होतो. हात थांबला."

"थँक गॉड!" अंकल म्हणाले, आणि मग लगेच पूर्वीसारखे कोरडे झाले. "मग आता मी बंद करू?"

"कर."

"तुझे किती होते?"

सरांनी भिंतीकडच्या पाटीकडे पाहिलं. "तुझ्याकडे आहे ना. तू बघ."

"तुला आठवत नाही?"

"आठवतं. सांगनार नाय."

काकींनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, अंकल फोन ठेवणार. पलीकडे कोणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"माझ्याकडे शेवटची दिसते ती तुझ्या नारळांची," अंकल म्हणाले. "चिठ्ठीत नुसतं 'नारळ' लिहिलंयस. एक शब्द. कंजूस!"

"तू काय निबंध लिहितोस? 'मजुरी'!"

"तू काय बोललास ते आठवतं का? माझ्या आईचं..."

"आठवतं," सर म्हणाले. "ते पन चुकलं."

सरांनी फोन जवळ ओढला. शेवटी अंकल म्हणाले, "गुडघा कसा आहे?"

"तिरका आहे. कपाटासारखा."

पलीकडून हसू आलं. फोन बंद झाला. काकी आत गेल्या आणि चहाचं पातेलं मुद्दाम आपटल्यासारखं ओट्यावर ठेवलं.

चॅनेल बंद झाला की पैसे लगेच मिळत नाहीत, गावाची नोंद पक्की व्हायला काही दिवस जातात. त्या दिवसांत सर कधी नव्हे ते सगळ्या वाडीला स्वतः पाणी देत होते. पाटी भिंतीकडे तोंड करून तशीच होती. काकी झाडताना तिला धक्का लागू देत नव्हत्या, आणि मला खात्री आहे, त्यांनी बघितलंही नव्हतं.

पैसे आले त्या दिवशी सरांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. "प्रोजेक्टसाठी बघ," म्हणाले. नव्या डिस्कवरचा आकडा पडद्यावर होता. सरांनी पाटी उचलली आणि पडद्याशेजारी धरली. थोड्या फीचा फरक सोडला तर आकडा तोच होता.

सर आत गेले. फडकं भिजवून आणलं आणि पाटी पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते.

तेवढ्यात पडद्यावर काहीतरी आलं. कोणीतरी सरांच्या डब्याशी नवा चॅनेल उघडत होतं. पुण्याहून. मी खुर्ची पुढे ओढली. नव्या चॅनेलची तार पहिल्यापेक्षा खूप लांब होती, म्हणजे मणी जास्त घातले होते. नियम असा की जो चॅनेल उघडतो, सगळे मणी त्याच्याच बाजूला असतात. समोरच्याची बाजू रिकामी सुरू होते. पण इथे सरांच्या बाजूलाही मणी होते. उघडतानाच अंकलनी सरकवून दिले होते.

"एवढा मोठा कशाला?" सर स्वतःशीच म्हणाले. "आणि मला आधीच कशाला दिले? मी काही मागितलं नव्हतं."

काकी मागे उभ्या होत्या. त्यांना पडद्यावरचं काय कळलं मला माहीत नाही. मी त्यांना मणी कुठे आहेत ते सांगितलं.

"आईचा पोर आहे तो," काकी म्हणाल्या. "रिकामा वाडगा कसा पाठवेल?"

"पण मोठा कशाला?"

"अहो, वाडी विकनारा मानूस वाडीच्या हिशोबाला नवीन तार घालेल का? एवढं शिकवता पोरांना!"

सर खुर्चीत मागे टेकले. "तो असं बोलला नाय."

"बोलायला कशाला पाहिजे?"

मग चिठ्ठी आली. नव्या चॅनेलमधून सरकलेला पहिला मणी, अगदी लहान, आणि सोबत: "ओट्याला काळा दगड घे. पांढरा डागाळतो. सुमनला विचार."

तोंडी परीक्षेला मी ती पाटी घेऊन गेले. सरांनीच दिली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आधी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "हे काय, पहिलीचा वर्ग?" मी म्हटलं, "सर, एक टोक धरता का?" त्यांनी धरलं. मला वाटतं त्यांनाही मजा आली, कारण निघताना त्यांनी स्वतःच दोन मणी इकडचे तिकडे करून बघितले. मार्क चांगले मिळाले. बाबांनी मार्कशीट वाचली नाही, हातात धरून बसले फक्त.

पाटी परत द्यायला मी नंतर एका रविवारी गेले. आईने ती जुन्या ओढणीत बांधून दिली आणि सोबत कुळथाचं पीठ दिलं, आमच्या गावाकडून आलेलं. "वस्तू परत करताना नुसती करू नये," ती म्हणाली. तिला ना वाडगा माहीत होता ना चॅनेल.

फाटकातूनच आवाज ऐकू आले. पडवीत एक धिप्पाड गृहस्थ गुडघ्यांवर बसले होते आणि तांब्याने कपाटाखालच्या भांड्यांत पाणी घालत होते. सर खुर्चीत बसून टॉर्च मारत होते.

"अरे, डाव्या पायाला घाल! डावा, डावा. जहाजावर डावं-उजवं शिकवलं नाय काय?"

"मनू, आधी हा आइसक्रीमचा डबा फेक. कपाट पडेल माझ्या डोक्यावर."

आतल्या खोलीत काळा ओटा चकाकत होता. नवीन, अजून कडेला सिमेंटचे डाग. काकी त्यावर एकामागून एक सुकेळी मांडून ठेवत होत्या. मी पाटी आणि पीठ त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पाटी तशीच भिंतीला टेकवली आणि वरच्या फळीवर हात घातला. निळा वाडगा काढला, पदराने पुसला, सुकेळी भरली आणि बाहेर नेली.

विल्सन अंकल अजून गुडघ्यांवरच होते. वाडगा समोर आला तसा त्यांनी तांब्या बाजूला ठेवला. ओले हात शर्टाला पुसले, एकदा पुसून भागलं नाही म्हणून पुन्हा पुसले, आणि मग दोन्ही हातांनी वाडगा घेतला.

"आता हा तुझ्याकडे," काकी म्हणाल्या. "कधी परत देनार ते सांग."

सरांनी टॉर्च अजून बंद केला नव्हता. भर दुपारी, तिरक्या कपाटाच्या चौथ्या पायाकडे प्रकाश धरून ते तसेच बसले होते आणि हसत होते.